शपथ मुलींना दिली, मुलांना विचारलंच नाही

"काही म्हणा, पण त्या शपथेमागचा हेतू चांगला होता." अमरावती जिल्ह्यातल्या धामणगाव रेल्वेत आणि आजूबाजूच्या तालुक्यांत हे वाक्य अजून ऐकू येतं. शिक्षकांच्या खोलीत येतं, लग्नाच्या पंगतीत येतं, पालक सभेत तर हमखास येतं. कुठे मुलगी पळून गेल्याची किंवा कुणा मुलीवर हल्ला झाल्याची बातमी आली की कुणीतरी हे वाक्य काढतं आणि बाकीचे माना डोलावतात. असं बोलणारी माणसं वाईट नाहीत. त्यांच्या घरात मुली आहेत आणि त्या मुलींची त्यांना खरीखुरी काळजी आहे. म्हणूनच या वाक्याला नुसतं मागासलेपणाचं लेबल लावून मोकळं होता येत नाही. त्याचा प्रतिवाद नीट आणि शेवटपर्यंत करायला हवा.

घडलं ते असं. १३ फेब्रुवारी २०२० रोजी, व्हॅलेंटाइन डेच्या आदल्या दिवशी, चांदूर रेल्वेच्या महिला महाविद्यालयाच्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात विद्यार्थिनींना शपथ देण्यात आली. आईवडिलांवर माझा पूर्ण विश्वास आहे, भोवती घडणाऱ्या घटना पाहता मी प्रेमात पडणार नाही, प्रेमविवाह करणार नाही, असा तिचा आशय होता. हुंडा मागणाऱ्याशी लग्न करणार नाही, असंही त्यात होतं. आणि त्याच्यापुढे हेही होतं की, रिवाज म्हणून आईवडिलांना माझ्यासाठी हुंडा द्यावा लागलाच, तर उद्या मी सुनेकडून तो घेणार नाही. शपथेची चित्रफीत पसरली, राज्यभर गदारोळ झाला. शपथ मुलींनाच का, मुलांना का नाही, असा सवाल पंकजा मुंडे यांनी जाहीरपणे केला. संस्थेने काही जणांवर निलंबनाची कारवाई केली. वर्तमानपत्रांसाठी विषय तिथे संपला. आमच्या भागातल्या घरांमध्ये तो संपलेला नाही.

"भोवती घडणाऱ्या घटना" कोणत्या, हे इथे कुणाला विचारावं लागत नव्हतं. त्याच वर्षीच्या जानेवारीत खुद्द धामणगाव रेल्वेत एका विद्यार्थिनीचा एकतर्फी प्रेमातून खून झाला होता. ३ फेब्रुवारीला शेजारच्या वर्धा जिल्ह्यात, हिंगणघाटला, कॉलेजात शिकवायला निघालेल्या तरुण प्राध्यापिकेला रस्त्यात पेटवून देण्यात आलं. आठवडाभर झुंजून १० तारखेला ती गेली. शपथ दिली गेली ती त्यानंतर तिसऱ्या दिवशी. त्या आठवड्यात या पट्ट्यातल्या प्रत्येक घरात, मुलगी संध्याकाळी शिकवणीवरून परत येईपर्यंत आईचा जीव दारात होता. वडील तिला घ्यायला मोटरसायकल काढून बसथांब्यावर उभे राहत होते आणि ती दहा मिनिटं उशिरा उतरली की तिच्यावरच खेकसत होते.

त्या खेकसण्याशी जरा थांबू या, कारण शपथेचं मूळ तिथेच आहे. बाप चिडलेला दिसतो, पण आत तो घाबरलेला असतो. भीती दाखवायची सवय आमच्याकडच्या पुरुषाला नाही. राग दाखवायची आहे. मग भीती रागाच्या रूपाने बाहेर पडते आणि जो हाताशी असतो त्याच्यावर पडते. हल्ला करणारा अनोळखी पोरगा बापाच्या हाताशी नसतो, मुलगी असते. शिबिरात नेमकं तेच झालं, फक्त मोठ्या प्रमाणावर. शिक्षक घाबरलेले होते. समोर रांगेत उभ्या होत्या त्या मुली. ज्यांच्यापासून भीती होती ते त्या मांडवात नव्हतेच. तेव्हा शपथ देणाऱ्यांच्या मनात मुलींबद्दल आकस होता असं मी म्हणत नाही. त्यांना धसका बसला होता, आणि त्या धसक्याला त्यांनी धसका म्हणून ओळखलं नाही. स्वतःच्या मनात काय चाललंय हे न पाहता माणूस दुसऱ्याच्या आयुष्याचा निर्णय घेतो तेव्हा तो चुकतोच, हेतू कितीही चांगला असो.

आता चूक कुठे झाली ते पाहा. धामणगावची विद्यार्थिनी आणि हिंगणघाटची प्राध्यापिका यांच्यावर हल्ले झाले ते त्यांनी प्रेम केलं म्हणून नव्हे. त्यांना नको होतं, म्हणून. या दोन्ही प्रकरणांत मुलीने केलेली एकच गोष्ट सापडते, नकार. मग पुढच्या मुलींना "प्रेम करणार नाही" अशी शपथ देऊन कोणता हल्ला टळणार होता? जिने आयुष्यात कधी कुणाकडे मान वर करून पाहिलं नाही तिच्याही मागे पोरगा लागतो. तिने शपथ घेतली आहे का, हे तो विचारत नाही. तिला काय वाटतं हेही तो विचारत नाही. रोग तिथे आहे, आणि औषध दिलं गेलं ते निरोगी माणसाला.

"हे ठीक आहे, पण प्रेमात पडून फसणाऱ्या मुलीही असतात," असं यावर म्हटलं जातं. असतात. फसणारी मुलगी फसते ती समोरचा काय विचार करतोय, आपल्याला नक्की काय हवंय, आपण घरातल्या कोंडमाऱ्यातून बाहेर पडायला दार शोधतोय की खरंच हा माणूस आवडलाय, हे तिला कुणी कधी विचारायला शिकवलं नाही म्हणून. शपथ हे शिकवत नाही. उलट हे सगळे प्रश्न विचारण्याची जागाच बंद करते. आणि या शपथेचा खरा धोका तर आणखी वेगळा आहे. ज्या मुलीने आईवडिलांच्या नावाने आणि शिक्षकांच्या साक्षीने "मी असलं काही करणार नाही" असं म्हटलंय, तिच्या मागे उद्या कुणी लागला तर ती सांगणार कुणाला? नुसतं तोंड उघडलं तरी पहिला प्रश्न येणार, "तू काही केलं असशील, उगाच कोण मागे लागतं?" मुली हे आधीपासून जाणून आहेत. कितीतरी मुली पाठलाग महिनोन् महिने सोसतात आणि घरी सांगत नाहीत, कारण सांगितलं की कॉलेज बंद होईल, मोबाइल जाईल आणि उन्हाळ्यात पाहुणे पाहायला येतील. शपथेने ही गप्प बसण्याची सक्ती अधिक पक्की केली. पाठलाग करणाऱ्याला यापेक्षा सोयीचं काय असू शकतं?

मी अनेक वर्षं या भागात अकरावी-बारावीच्या मुलामुलींना शिकवतो. एकदा एक मुलगा वर्ग सुटल्यावर मागे रेंगाळला. अभ्यासात बरा, घरची थोडी कोरडवाहू शेती, वडील बोलायला कडक. दोन-चार वाक्यं इकडची तिकडची झाल्यावर त्याने मोबाइल पुढे केला. एका मुलीला त्याने पाठवलेले संदेश होते, एकाखाली एक, बरेच. तिच्याकडून एकही नाही. प्रत्येकाखाली निळ्या खुणा.

"पाहा सर, वाचते ते. सगळे वाचते. उत्तर नाई देत, पन वाचते. म्हंजे तिच्या मनात हाय काहीतरी."

मी विचारलं, "वाचून उत्तर न देण्याचं आणखी काय कारण असू शकतं?"

त्याला काही सुचेना. खरंच सुचेना. हुशार मुलगा, गणितात एका उदाहरणाच्या दोन रीती काढणारा, पण इथे त्याला एकच रीत दिसत होती. मी थांबलो. बऱ्याच वेळाने तो म्हणाला, "मोबाइल तिच्या दादाच्या हातात असन." मग, "तिले भेव लागत असन." आणि मग खूप हळू, "नाई त मी आवडतच नसन तिले."

हे तिसरं वाक्य बोलताना त्याचे डोळे भरले आणि लगेच मान फिरवून त्याने विचारलं, "मंग मी काय करू सर?" त्या प्रश्नात राग नव्हता. होती ती लाज, आणि घरी-दारी कुठेही न सांगता आलेलं दुःख. त्याच्या दोस्तांनी त्याला सांगितलं होतं, "सोडू नको बे, पोट्ट्या आधी नाईच म्हनतात." एका तरुण मुलाच्या दुखावलेल्या मनाला आमच्या गावाकडून मिळणारं सगळं मार्गदर्शन एवढंच.

दुसरी गोष्ट एका मुलीची. तिच्या मागे बसथांब्यापासून कॉलेजपर्यंत एक जण यायचा आणि ती त्याच्याकडे पाहून हसली, असं तोच सगळीकडे सांगत होता. मी तिला विचारलं नाही. तिनेच माझ्या सहकारी बाईंना सांगितलं. "हो, हासली मी. त्यानं समोरून गाडी आडवी घातली, रस्त्यात कोनी नव्हतं. चिडला असता त काय केलं असतं मॅडम? म्हनून हासून घेतलं आन् बाजूनं निंगाली." एकच हसू. त्याच्या लेखी तो होकार, तिच्या लेखी ती सुटका. "हसली की फसली" ही म्हण आमच्या चौकाचौकात फिरते आणि तिने जेवढी पोरं बिघडवली तेवढी कुठल्या सिनेमाने बिघडवली नसतील.

दुसऱ्याच्या वागण्यामागे त्याचं स्वतःचं मन असतं आणि ते आपल्या मनापेक्षा वेगळं असू शकतं, हे माणसाला फार लवकर कळतं. मानसशास्त्रज्ञ हाइन्झ विमर आणि जोसेफ पर्नर यांनी १९८३ साली लहान मुलांना एक गोष्ट सांगून हे तपासलं. एक मुलगा चॉकलेट एका कपाटात ठेवून बाहेर जातो, त्याच्या मागे आई ते दुसरीकडे ठेवते. परत आल्यावर तो कुठे शोधेल? तीन वर्षांचं मूल म्हणतं, जिथे आहे तिथे. चार-पाच वर्षांचं झालं की बहुतेक मुलं बरोबर सांगतात, जिथे त्याने ठेवलं होतं तिथे. मला जे ठाऊक आहे ते त्याला ठाऊक नाही, हे त्यांना उमगलेलं असतं. मग अठरा वर्षांच्या मुलाला, समोरच्या मुलीला आपल्याबद्दल काहीही वाटत नसेल, एवढं का उमगू नये? लंडनमध्ये पीटर फोनागी आणि अँथनी बेटमन यांनी मनोविकारांच्या उपचारात अनेक वर्षं याच क्षमतेवर काम केलं आहे. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: ही क्षमता एकदा आली की कायमची राहते असं नाही. माणूस भावनेने पेटलेला असतो, अपमानाने पोळलेला असतो, तेव्हा ती कोसळते. आणि ती कोसळल्याची एक मोठी खूण म्हणजे खात्री. "मला माहीत आहे तिच्या मनात काय आहे." ज्याला दुसऱ्याच्या मनाबद्दल कणभरही शंका उरली नाही, त्याने दुसऱ्याच्या मनाकडे पाहणं बंद केलेलं असतं.

मराठी वाचकाला याचा दुसरा अर्धा भाग कि. मो. फडके यांच्यामुळे परिचयाचा आहे. अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ उपचारपद्धती त्यांनी मराठीत आणली, समजावून सांगितली. मी तिला आवडावं, तिने हो म्हणावं, ही इच्छा झाली. इच्छा पुरी झाली नाही तर दुःख होतं, निराशा येते आणि माणूस त्यातून सावरतो. पण "ती माझी झालीच पाहिजे, नाही झाली तर मी कुणीच नाही" असा हट्ट धरला की दुःखाची जागा संताप घेतो. आमच्या मुलांना दुःख करायची परवानगीच नाही. सात वर्षांचा मुलगा रडला की घरातली मोठी माणसं म्हणतात, "पोरीसारखा रडते काय?" तिथपासून त्याला एक एक भावना सोडून द्यायला लावली जाते. भीती सोड, लाज सोड, दुःख सोड. शेवटी हातात राग तेवढा उरतो, कारण तो पुरुषाला शोभतो असं सगळ्यांनी सांगितलेलं असतं. मग नकार आला की त्याला आत काय होतंय हे ओळखता येत नाही. दोस्त ओळखून देतात, "तुह्या इज्जतीचा सवाल हाय." आणि त्याला ते खरं वाटतं.

इथे मला सर्वांत जोराने अडवलं जातं. "तुम्ही या गुन्हेगारांची मनं समजून घ्यायला निघालात? जिचा जीव गेला तिच्या आईला जाऊन सांगा हे." हा आक्षेप गंभीर आहे, आणि तो घेणाऱ्याचा संताप मला मान्य आहे. पण त्यात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र केल्या जातात. समजून घेणं वेगळं आणि माफ करणं वेगळं. हिंगणघाटच्या आरोपीला १० फेब्रुवारी २०२२ रोजी, तिच्या मृत्यूनंतर बरोबर दोन वर्षांनी, न्यायालयाने जन्मठेप दिली. त्या शिक्षेत एका दिवसाची सूट मी मागणार नाही. माझं म्हणणं खुनाच्या आधीच्या महिन्यांबद्दल आहे. हे हल्ले आभाळातून पडत नाहीत. आधी पाठलाग असतो, फोन असतात, धमक्या असतात, दोस्तांना सगळं ठाऊक असतं, बहुतेक वेळा गल्लीलाही ठाऊक असतं. त्या काळात त्या मुलाला कुणीतरी थांबवून विचारू शकत होतं. १९९० साली उल्हासनगरात दहावीच्या परीक्षा केंद्रात घुसून एका मुलीला जाळण्यात आलं, तेव्हा सगळा महाराष्ट्र हादरला होता. तेव्हाही कडक शिक्षेची मागणी झाली. २०१३ च्या दुरुस्तीने पाठलाग हा स्वतंत्र गुन्हा झाला, आज तो भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ मध्ये आहे. पहिल्या वेळी तो जामीनपात्र आहे. डिसेंबर २०२१ मध्ये विधिमंडळाने महिलांवरील अत्याचारांविरुद्धचं शक्ती विधेयक मंजूर केलं. कायदा हवाच. पण कायदा येतो तो मुलगी तक्रार करायला गेल्यावर, किंवा ती जिवानिशी गेल्यानंतर. त्याआधी मुलाच्या मनात शिरायला कायद्याला वाट नाही. आईवडिलांना, शिक्षकांना आणि दोस्तांना आहे.

आणखी एक स्पष्टीकरण आमच्याकडे फार चालतं, आणि ते अर्धं खरं असल्यामुळे जास्त घातक आहे. "शेतकऱ्याच्या पोराला पोरगीच भेटत नाही, मग तो काय करणार?" पोरगी मिळत नाही हे खरंच आहे. या भागात कापूस, सोयाबीन, तूर पिकवणाऱ्या घरातल्या तिशी ओलांडलेल्या मुलांची लग्नं रखडलीत. स्थळ पाहायला गेलं की मुलीकडचे आधी विचारतात, नोकरी आहे का, पुण्याला आहे का. शेती किती, हा प्रश्न मागे पडला. कधी काळी कापसाच्या गाठी भरून गाड्या मुंबईकडे गेल्या त्या याच रेल्वेमार्गावरून. आज त्याच मार्गावरून पोरं पुण्या-मुंबईकडे कामाला जातात आणि जी जात नाहीत त्यांना नालायक ठरवलं जातं. हा अपमान रोजचा आहे, खोल आहे आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही. मी तो नाकारत नाही. पण अपमान हे खुनाचं कारण होऊ शकत असतं, तर या पट्ट्यातल्या हजारो सालस मुलांनी काय केलं असतं? ती शेतात राबतात, आईच्या औषधपाण्याचं पाहतात आणि बहिणींची लग्नं लावून देतात. हिंगणघाटचा आरोपी तर विवाहित होता. लग्न न होणं, बेकारी, मोबाइल, सिनेमा ही सगळी एका शब्दाची उत्तरं आहेत आणि एका शब्दाचं उत्तर मिळालं की माणूस पुढे विचारायचं थांबतो. फरक पडतो तो अपमान झाल्यावर मुलगा त्या अपमानाचं काय करतो इथे. कुणाशी बोलतो, की कुणाला तरी त्याची किंमत मोजायला लावतो. आणि हे त्याला आपोआप येत नाही, शिकवावं लागतं.

शिकवता येतं का? येतं. आपल्याच महाराष्ट्रात हे करून दाखवलेलं आहे. गडचिरोलीत डॉ. राणी बंग यांनी तारुण्यभान शिबिरांतून मुलामुलींशी शरीर, आकर्षण, नातं याबद्दल मोकळेपणाने बोलायला सुरुवात केली. विदर्भातल्याच मुलांशी, विदर्भातल्याच भाषेत. हरीश सदानी यांच्या मावा या संस्थेने १९९३ पासून पुरुषांमध्येच हिंसेविरुद्ध काम केलं, कॉलेजातल्या तरुणांना सोबतीच्या मुलांशी बोलायला तयार केलं. मुंबईच्या महापालिका शाळांत कोरो आणि टाटा समाजविज्ञान संस्थेच्या सहभागाने बारा-चौदा वर्षांच्या मुलांसोबत समतेचे तास घेतले गेले. राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम २०१४ पासून सरकारी आहे आणि त्यात मानसिक आरोग्य व हिंसा हे विषय नावानिशी आहेत. १४४१६ या टेली-मानस क्रमांकावर २०२२ पासून कुणीही फुकट बोलू शकतं. मात्र आमच्याकडच्या किती मुलांना तो पाठ आहे, हे कुठल्याही वर्गात उभं राहून विचारा. "आमच्याकडे वेळ नाही, तज्ज्ञ नाहीत" असं म्हणणाऱ्या शाळेला मी एवढंच सांगेन की, मुलींना रांगेत उभं करून शपथ द्यायला वेळ होता आणि त्यासाठी कुठला तज्ज्ञही लागला नव्हता.

राष्ट्रीय सेवा योजना १९६९ साली, गांधी शताब्दी वर्षात सुरू झाली. तिचं ब्रीद आहे, मी नव्हे, तुम्ही. दुसऱ्याच्या बाजूने पाहता यावं, हाही त्याचा अर्थ योजनेच्या पुस्तिकेत दिलेला आहे. शिबिरात शिकवायला याहून योग्य गोष्ट दुसरी नव्हती. ज्या विद्यापीठाच्या छत्राखाली ही महाविद्यालयं चालतात त्याला गाडगेबाबांचं नाव आहे. बाबा याच मातीतले, शेंडगावचे, आणि शेवटचा श्वास त्यांनी घेतला तोही अमरावतीच्या वाटेवर, वलगावजवळ, २० डिसेंबर १९५६ रोजी. त्यांचं कीर्तन ज्यांनी ऐकलं त्यांच्याकडून, आणि ज्यांनी लिहून ठेवलं त्यांच्याकडून, एक गोष्ट सतत कळते. बाबा प्रश्न विचारत. साध्या वऱ्हाडी बोलीत, समोरच्या अडाणी म्हणवल्या जाणाऱ्या माणसाला, आणि उत्तर येईपर्यंत थांबत. समोरच्याकडे स्वतःचं डोकं आणि स्वतःचं मन आहे, यावर त्यांचा विश्वास होता. शपथ देणाऱ्याला समोरच्याच्या मनाची गरज नसते. त्याला फक्त त्याचा उजवा हात आणि आवाज लागतो. त्या मुलींना कुणी विचारलं असतं, "तुमच्या मागे कुणी लागतं का? तेव्हा काय वाटतं? कुणाला सांगता?" तर त्या एका संध्याकाळी या तालुक्यांबद्दल आम्हाला जेवढं कळलं असतं तेवढं पोलिसांच्या नोंदवहीतून कधी कळणार नाही.

म्हणून "हेतू चांगला होता" हे उत्तर मला पुरत नाही. हेतू शपथ देणाऱ्यांचा होता; भोगणार मुली होत्या. आणि त्या वाक्यात आणखी एक गृहीतक दडलंय, ते मला सर्वांत जास्त टोचतं. मुलांच्या बाबतीत काही करण्यासारखं नाही, ते असेच असणार, तेव्हा मुलींनाच आवरा. हा मुलींवर अन्याय आहे, तसा मुलांचाही अपमान आहे. माझ्यासमोर मोबाइल धरून बसलेला तो मुलगा एका प्रश्नाने तिसऱ्या उत्तरापर्यंत पोचला होता. त्याला ते कुणी सांगितलं नाही, त्याचं त्यालाच सुचलं. नंतर त्याने त्या मुलीला संदेश पाठवणं बंद केलं. चार-सहा महिने त्याचा अभ्यास बिघडला, तो उदास राहिला आणि मग सावरला. एवढंच हवं होतं: त्याला उदास राहू देणारं कुणीतरी.

येत्या हिवाळ्यात धामणगाव, चांदूर, तिवसा, नांदगाव खंडेश्वर इथल्या कॉलेजांची शिबिरं गावोगाव लागतील. त्यातली एक संध्याकाळ मुलांसाठी ठेवा. भाषण नको. एक प्रसंग सांगा: मुलगी हसली, मुलगी गप्प राहिली, मुलगी नाही म्हणाली. आणि विचारा, तिच्या मनात काय काय असू शकतं? तीन उत्तरं येईपर्यंत दुसऱ्या विषयाला हात लावू नका. मग विचारा, तुझ्या मनात काय झालं? "राग आला" असं म्हणाला तर विचारा, रागाच्या आधी काय आलं होतं? शिक्षकांनी हे आधी आपापसात करून पाहावं, कारण मुलीच्या उशिरावर खेकसणारे बाप आपल्यातही आहेत.

आणि एखादी मुलगी तक्रार घेऊन शिक्षकांच्या खोलीत आली, तर तिच्या वडिलांना फोन लावण्याआधी तिला खुर्ची द्या आणि तिलाच विचारा की घरी कुणाला, कसं सांगायचं, की आधी पोलिसांकडे जायचं. तिचं कॉलेज बंद होणार नाही, हे तिच्या मागे लागलेल्या मुलाशी बोलण्याच्या आधी तिच्या वडिलांकडून कबूल करून घ्या. शपथच घ्यायची असेल तर ती त्यांनी घ्यावी.